घरच्या डिजिटल काट्यावर किती विश्वास ठेवायचा?

बेळगावात गणपत गल्लीच्या बाजूला भांड्यांच्या दुकानात शिरलात तर डिजिटल वजनकाट्यांची खोकी हल्ली मिक्सरच्या शेजारीच रचलेली दिसतात. किंमत तीन-चारशे रुपयांपासून पुढे. खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: १० किलो आणि १ ग्रॅम. गिऱ्हाईक हेच दोन आकडे बघतं आणि दुकानदारही तेवढ्यावरच विकतो. "धा किलोपर्यंत चालतंय, एकेक ग्रॅम दाखवतंय, आणि काय पायजे अक्का?"

दोन्ही आकडे खरेच असतात, फक्त आपण त्यांचा अर्थ भलताच लावतो. '१ ग्रॅम' म्हणजे पडद्यावरचा आकडा एकेका ग्रॅमनं बदलतो, एवढंच. ३४७ नंतर ३४८ येईल, मधलं काही येणार नाही. वाटीतली साखर खरोखर ३४८ ग्रॅम आहे की ३४४, याची हमी खोक्यावर कुठेच नसते. '१० किलो' म्हणजे भांड्यासकट त्यावर जास्तीत जास्त किती ठेवता येईल ते. दहा किलोचा काटा पाच किलोच्या काट्यापेक्षा चांगला असतो असं काही नाही, आणि चौघा-पाचजणांच्या घरात स्वयंपाकाला पाच किलो सहज पुरतात.

काटा घेताना खरं तर उलट्या टोकाकडून विचार करावा. आपल्या घरात नेहमी जोखावी लागणारी सगळ्यात हलकी वस्तू कोणती? कुठला काटा घ्यायचा आणि त्याच्यावर कितपत विसंबायचं, हे त्या एका उत्तरावरून ठरतं. ते कसं, हे कळायला काट्याच्या पोटात थोडं डोकवावं लागेल. पण त्याआधी, काटा लागतो तरी कशाला?

मापानं भागतं तिथे भागवावं

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या घरांत धान्य अजून मापानं काढलं जातं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्यानं मेट्रिक पद्धत आली, दुकानातलं शेराचं वजन गेलं, पण कणगीतलं माप काही गेलं नाही. आणि ते जायचं कारणही नाही. माप जागा मोजतं. रोजच्या भाताला तांदूळही त्याच मापानं आणि पाणीही त्याच मापानं घेतलं की काम झालं. भातासाठी काटा काढणाऱ्यांचा भात इतरांपेक्षा बरा होतो, असं मला तरी कधी दिसलं नाही.

माप फसतं ते एकाच मापात कधी जास्त, कधी कमी माल बसतो तेव्हा. बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा साधारण ६ ग्रॅमचा भरतो. खडे मीठ घेतलं तर खड्यांच्या मध्ये हवा राहते आणि तोच चमचा हलका होतो. कैरीच्या लोणच्याला आजीनं 'दोन वाट्या मीठ' सांगितलं असेल, तर ती खड्यांची वाटी होती की बारीक मिठाची, यावर लोणचं टिकणं न टिकणं ठरतं. मैद्याचंही तसंच. चाळून हलक्या हातानं भरलेला कप १२० ग्रॅमचा, दाबून भरलेला दीडशेचा. केक एकदा फुलतो आणि एकदा बसतो, त्यामागे ओव्हनपेक्षा हा कपच जास्त वेळा असतो.

वर्षाच्या चटणीचं तर विचारूच नका. उन्हाळ्यात किलो-दोन किलो ब्याडगी, जोडीला संकेश्वरी, त्यावर धने, खोबरं, तीळ, लसूण, मीठ. या सगळ्याचं प्रमाण मिरचीच्या वजनावर बेतलेलं असतं. पण कुठल्या वजनावर? बाजारातून आणलेली मिरची, ऊन दाखवलेली मिरची आणि देठं काढलेली मिरची या तिन्हींची वजनं वेगळी. उन्हात ओलावा जातो, देठांबरोबर आणखी थोडं जातं. काकींकडून प्रमाण लिहून घेताना हे एकदा विचारून घ्या, नाहीतर डंकावर नेलेली चटणी खारट होते आणि दोष मिठाला लागतो.

काट्याच्या पोटात

वरची काचेची किंवा स्टीलची ताटली काढली तर खाली बहुधा ॲल्युमिनियमचा बोटाएवढा दांडा दिसतो. त्याला लोड सेल म्हणतात. दांड्याचं एक टोक काट्याच्या तळाला घट्ट बसवलेलं असतं, दुसऱ्या टोकावर ताटली. वजन ठेवलं की दांडा वाकतो. वाळणीच्या दोरीवर ओलं लुगडं टाकलं की दोरी खाली येते आणि काढलं की पुन्हा वर जाते, तसंच हे. फक्त हे वाकणं डोळ्यांना दिसत नाही इतकं थोडं.

ते टिपण्यासाठी दांड्यावर अगदी पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या स्ट्रेन गेज. पट्टीत धातूची नागमोडी बारीक रेघ असते. ती ताणली गेली की लांब आणि बारीक होते, विजेला होणारा तिचा विरोध वाढतो. दाबली गेली की तो कमी होतो. अशा पट्ट्या व्हीटस्टन ब्रिज नावाच्या जोडणीत बसवल्या की विरोधातला फरक एका अतिशय लहान व्होल्टेजच्या रूपात बाहेर येतो. तो व्होल्टच्या काही हजाराव्या भागाएवढा असतो. आतली चिप तो वाढवते, त्याचा आकडा करते आणि कारखान्यात ठरवून दिलेल्या गुणकानं गुणून पडद्यावर ग्रॅम दाखवते.

म्हणजे पडद्यावर दिसतं ते वजन सगळा हिशोब होऊन आलेलं असतं. दांडा नीट वाकला नाही, काटा कलता बसला, बॅटरीचा सेल उतरला किंवा गुणकच किंचित चुकला, तरी आकडा तितक्याच ठामपणे येतो. जुन्या तागडीची दांडी कलली की समोरच्याला दिसायचं. डिजिटल काट्याचं कललेलं काही दिसत नाही.

आणखी एक गंमत. तागडीत एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजनं. पृथ्वी दोन्हींना सारखंच ओढते, त्यामुळे तागडी कुठेही नेली तरी उत्तर तेच. लोड सेल मात्र ओढ मोजतो, आणि ही ओढ सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्ताकडे आणि उंचीवर ती थोडी कमी भरते. बेळगाव सोळा अक्षांशाच्याही किंचित खाली आणि समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर. बीजिंगच्या आसपास जुळवलेला काटा इथे किलोमागे साधारण दोन ग्रॅम कमी दाखवील. दक्षिण चीनमध्ये जुळवलेला असेल तर अर्धा ग्रॅम. आमटीला यानं काही होत नाही. पण खोक्यावर लिहिलेली अचूकता तुमच्या ओट्यावर तशीच्या तशी उतरत नाही, याचं हे अगदी निर्मळ कारण आहे. यात कुणाची लबाडी नाही.

वीसपटीचा नियम

किराणा दुकानातल्या काट्यावर एक छोटी पट्टी असते. पुढच्या वेळी गेलात की वाचा. साधारण असं लिहिलेलं असतं: मॅक्स ३० किलो, मिन १०० ग्रॅम, ई ५ ग्रॅम. 'ई' म्हणजे काट्याचा टप्पा. आकडा पाच-पाच ग्रॅमनं बदलतो. आणि 'मिन' म्हणजे त्याच्यावर जोखायचं कमीत कमी वजन, टप्प्याच्या वीसपट. व्यापारी काट्यांच्या या वर्गाला तसा नियमच आहे. पाच गुणिले वीस, शंभर. म्हणून तीस किलोच्या काट्यावर ५० ग्रॅम वेलदोडे जोखून घेणं गिऱ्हाइकाच्या तोट्याचंही होऊ शकतं आणि दुकानदाराच्याही. वेलदोडे, केशर, जायपत्री घेताना दुकानातला छोटा काटा मागावा, किंवा बंद पुडी घ्यावी.

हाच नियम घरी आणा. घरच्या काट्यावर सरकारी पडताळणीचा शिक्का नसतो, त्यामुळे हा नियम तुमच्यावर बंधनकारक नाही, पण अक्कल तीच. आकडा एकेका ग्रॅमनं बदलत असेल तर २० ग्रॅमच्या खालचं त्यावर जोखू नका. कारण साधं आहे. काटा अगदी निर्दोष असला तरी पडद्यावर '३' दिसतं तेव्हा खरं वजन अडीचपासून साडेतीनपर्यंत काहीही असू शकतं. ३०० ग्रॅम मैद्यात अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला तर कळणारही नाही. ३ ग्रॅम यीस्टमध्ये तोच अर्धा ग्रॅम म्हणजे सहावा हिस्सा. सोड्याचं तर एक-दोन ग्रॅमचंच काम असतं, तिथे एक ग्रॅमचा काटा म्हणजे अंदाजपंचेच.

मग घ्यायचं काय? घरात भाकरी-आमटी, वर्षाची चटणी, लोणचं, दिवाळीचा फराळ एवढंच असेल तर पाच किलोचा, एक ग्रॅम टप्प्याचा एक काटा पुरे. ब्रेड, केक, नानकटाई नेमानं होत असतील तर त्याच्या जोडीला एक छोटा खिशातला काटा घ्यावा: ५०० ग्रॅमपर्यंतचा, ०.१ ग्रॅम टप्प्याचा. वीसपटीच्या हिशोबानं तो दोन ग्रॅमपर्यंत चालतो. दोन स्वस्त काटे एका महागड्या काट्यापेक्षा जास्त कामाचे, असं माझं मत. दहा किलोचा आणि तरीही ०.१ ग्रॅम दाखवणारा स्वस्त काटा कुणी दाखवला तर शेवटच्या आकड्याकडे नीट बघा. तो सतत नाचत असतो. "आकडा हलूलालाय की हो," म्हटलं तर "वाऱ्यानं हलतंय" असं उत्तर मिळेल. वाऱ्यानं हलतोही, पण दार लावल्यावरही नाचत असेल तर तो आकडा शोभेचा आहे.

बाकी बघायच्या गोष्टी लहान आहेत, पण रोजच्या रोज त्रास देतात. मोठं पातेलं ठेवल्यावर त्याखाली पडदा झाकला जातो का, हे दुकानातच पातेलं मागून बघा. बटणं दाबायची असावीत. काचेवरची टच बटणं पिठाच्या ओल्या हातांना ऐकत नाहीत. सेल पेन्सिलचा, म्हणजे ट्रिपल ए असलेला बरा. बटणासारखा चपटा सेल खेड्यातल्या दुकानात पटकन मिळत नाही, आणि मुख्य म्हणजे लहान मुलानं तो गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. घरात रांगतं मूल असेल तर त्या सेलचं झाकण स्क्रूनं बंद होणारं आहे ना, तेवढं पाहाच.

ओट्यावर

टेअर बटण म्हणजे 'भांड्याचं वजन विसर' असा हुकूम. रिकामं भांडं ठेवलं, टेअर दाबलं, शून्य झालं. पीठ घातलं, पुन्हा टेअर, मग साखर. एकाच भांड्यात सगळं, धुवायला काही नाही. पण पडद्यावर शून्य आलं तरी काट्याच्या खांद्यावरचा भार तसाच असतो. दीड किलोची बिडाची कढई ठेवून टेअर केलंत तर पाच किलोच्या काट्यात साडेतीनच किलोची जागा उरते.

बरणीतून थोडं काढायचं असेल तर उलटं करा. अख्खी बरणी काट्यावर ठेवा, टेअर करा, चमच्यानं काढत जा. पडद्यावर उणे २५ आलं की २५ ग्रॅम काढून झाले. मध, काकवी, तूप असल्या चिकट गोष्टींना हे फार सोयीचं, कारण वाटीला किती चिकटलं याचा प्रश्नच राहत नाही.

आता एक सापळा, जो माहितीपुस्तकात सहसा लिहिलेला नसतो. बहुतेक काटे शून्यावर असताना स्वतःला आपोआप शून्यावर धरून ठेवतात. उष्णतेनं किंवा धुळीनं आकडा आपोआप सरकू नये म्हणून ही सोय आहे. पण त्यामुळे तुम्ही चिमूट-चिमूट मीठ हळूहळू टाकत राहिलात तर काट्याला वाटतं, शून्यच सरकलंय. तो ते मीठ गिळून टाकतो आणि पडदा शून्यच राहतो. यावर उपाय म्हणजे बारीक वस्तू जोखताना टेअर करूच नका. वाटी ११२ ग्रॅम दाखवत असेल तर १३७ होईपर्यंत घाला. शंका आली तर वाटी उचलून परत ठेवा. पुन्हा ठेवल्यावर येईल तो आकडा धरा.

एककाचं बटण चुकून दाबलं जाणं ही रोजची भानगड. ग्रॅमच्या जागी औंस आले की २५० च्या ठिकाणी ८.८ दिसायला लागतं. एका औंसाचे सुमारे २८ ग्रॅम होतात. आकडा विचित्र दिसला तर काटा बिघडला म्हणण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातलं अक्षर बघा. 'मिली' हे एकक तर मला सरळ फसवं वाटतं. काट्याला आकारमान मोजता येत नाही, तो वजनच मोजतो आणि ते पाण्याचं समजून मिली म्हणतो. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे तेलाचे '२०० मिली' पडद्यावर आले तर प्रत्यक्षात भांड्यात सुमारे २१८ मिली पडलेलं असतं. दुधाला फरक किरकोळ, मधाला फार मोठा. काही काट्यांवर दुधाचं वेगळं चिन्ह असतं, तेवढं ठीक. एरवी ग्रॅमवरच राहा.

काटा सपाट, कडक जागी ठेवा. टेबलावरचा रबरी कपडा, वर्तमानपत्राची घडी, ओट्याचा उतार, हे सगळं आकड्यात उतरतं. डोक्यावरचा पंखा रुंद परातीवर हवा दाबतो, तोही उतरतो. भांडं ताटलीच्या मधोमध असू द्या.

गरम भांडं थेट काट्यावर नको. उष्णतेनं दांडा आणि पट्ट्या दोन्ही बदलतात आणि आकडा सरकत राहतो. प्लॅस्टिकचं नुकसान वेगळंच. पण बेळगावात कुंदा करणाऱ्यांना गरम कढई जोखण्याचा मोह होणारच, आणि तो बरोबरही आहे. दूध किती आटलं हे रंगावरून ओळखायला वर्षं लागतात, वजनावरून लगेच कळतं. एक लिटर दूध साधारण १०३० ग्रॅम भरतं. म्हशीच्या दुधाचा खवा त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त, २१ ते २३ टक्के निघतो. गाईच्या दुधाचा १७ ते १९ टक्के. म्हणजे दोन लिटर म्हशीच्या दुधाचा खवा साडेचारशे ग्रॅमच्या आसपास आला की दूध खव्यापर्यंत पोचलं. कुंद्याचं साखरेचं आणि तांबूस रंग येईपर्यंत परतण्याचं काम नंतर वेगळं, तिथे काटा उपयोगाचा नाही, नाक आणि डोळे लागतात. करायचं एवढंच: सुरुवातीलाच रिकामी कढई आणि तिच्याखाली ठेवायची लाकडी पाटी दोन्हींचं वजन एकत्र लिहून ठेवा. मध्ये जोखायची वेळ आली की काट्यावर आधी पाटी, पाटीवर कढई, आकडा दिसला की लगेच उचला. आणि कढई धरून दोन लिटर दूध सुरुवातीलाच साडेतीन-चार किलोला जातं, हे ध्यानात असू द्या.

वजनाचा एक हिशोब मात्र पाककृतीत कधी नसतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. चौघांच्या घरात २० ग्रॅम झाले, म्हणजे किलोची पिशवी ५० दिवस जायला हवी. पिशवी फोडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहा. आपल्याकडच्या चटणी-लोणच्यांच्या घरांत ती किती दिवसांत संपते हे ज्यानं त्यानं आपलं बघावं. लोणच्याला घातलेलं आणि पापड-चटणीतून आलेलं मीठ वेगळं धरायला विसरू नये.

काटा खरा आहे का?

नवा काटा घरी आणल्यावर बरेच जण मिठाची किंवा साखरेची किलोची पिशवी ठेवून बघतात. १००९ आलं की "खरा आहे", ९९३ आलं की "खोटा". हा न्याय बरोबर नाही. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांत ५०० ग्रॅमच्या वर, १ किलोपर्यंतच्या एकेका पाकिटाला १५ ग्रॅमपर्यंतची तूट चालते. अट अशी की सगळ्या पाकिटांची सरासरी लिहिलेल्या वजनाच्या खाली जाता कामा नये. वर प्लॅस्टिकचं वजन वेगळं. पिशवी स्वतःच १५ ग्रॅमनं हलू शकते, ती काट्याची परीक्षा काय घेणार? दुधाच्या पिशवीचंही तेच. नंदिनीची किंवा कुठलीही अर्धा लिटरची पिशवी सुमारे ५१५ ग्रॅम भरायला हवी, पण पिशवीवर किती मिली लिहिलंय ते आधी वाचा, आणि ती भरतानाही थोडं कमी-जास्त होतंच.

नाणी त्यापेक्षा बरी. दहा रुपयांचं नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं असतं. तेरा नाणी एकत्र ठेवली की शंभर ग्रॅमच्या अगदी जवळ, किंचित वर. काही दुकानदार ती घ्यायला अजून कुरकुर करतात, त्यामुळे घरात साठलेली असतातच. झिजलेली, मळलेली नाणी घेऊ नका.

खऱ्या वजनाशिवायही काट्याची बरीच परीक्षा होते. दोन तांबे घ्या. पहिला एकटा जोखा, समजा ३१२. दुसरा एकटा, २८७. आता दोन्ही एकत्र. ५९९ किंवा एखाद्या ग्रॅमच्या फरकानं यायला हवेत. ६०६ आले तर काट्याचा हिशोब वर जाताना वाकडा होतो आहे, आणि किलो-दोन किलोला तो आणखी चुकेल. मग एकच तांब्या ताटलीच्या मध्ये आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. कोपऱ्यावर दोन-तीन ग्रॅमचा फरक आला तर काटा परत करण्याइतका वाईट नाही, फक्त भांडं मधोमध ठेवायची सवय लावा. शेवटी तोच तांब्या पाच-सहा वेळा उचलून ठेवा. दर वेळी आकडा वेगळा आला तर तो काटा परत नेऊन द्यावा. नेहमी चार ग्रॅम जास्तच दाखवणाऱ्या काट्याशी संसार होतो. कधी चार जास्त, कधी तीन कमी दाखवणाऱ्याशी होत नाही.

कायमची सोय हवी असेल तर ओळखीच्या सराफाकडे जा. शहापूर असो की निपाणी, सोन्याच्या दुकानातला काटा घरच्यापेक्षा कितीतरी बारीक टप्प्याचा असतो आणि त्यावर शिक्का असतो. गर्दी नसताना एक स्टीलची जड वाटी आणि एक रिकामा तांब्या जोखून घ्या, वजन तळाशी न पुसणाऱ्या मार्करनं लिहा. ती तुमची घरची वजनं झाली. दिवाळीच्या आधी एकदा ती काट्यावर ठेवून बघितली की पुरे.

सांभाळायचं म्हणाल तर काट्यावर डबे रचू नका. दांडा एकदा प्रमाणाबाहेर वाकला की कायमचा वाकतो, आणि सांगून वाकत नाही. खानापूर-लोंढ्याकडच्या पावसाळ्यात सेल आत ठेवून काटा तीन महिने बंद राहिला तर पत्रे हिरवे होतात, म्हणून सेल काढून ठेवावा. आणि झुरळं. काट्याच्या पोटात त्यांना ऊब आणि पिठाचा चुरा दोन्ही मिळतं. काटा पुसून, उभा, बंद डब्यात ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो.

विकायला लागलात की

घरी चटणी, पापड, कुंदा, लाडू करून विकणाऱ्या बायका आपल्या भागात पुष्कळ आहेत, आणि बहुतेकींचा धंदा स्वयंपाकघरातल्या याच काट्यावर सुरू होतो. इथे मात्र नियम बदलतो. वैधमापन कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. त्याप्रमाणे खरेदी-विक्रीसाठी वापरायचा काटा मान्यताप्राप्त नमुन्याचा आणि सरकारी पडताळणीचा शिक्का असलेलाच लागतो. स्वयंपाकाचा काटा कितीही खरा निघाला तरी त्यावर जोखून विकता येत नाही. काही काट्यांच्या तळाशी व्यापारासाठी नाही असं बारीक अक्षरांत छापलेलंच असतं. ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात काटामारीवरून दर हंगामात बोंब होते. पाव किलो चटणीच्या पाकिटाला लागतो तो कायदाही तोच.

गिऱ्हाईक म्हणून मिठाई घेताना याचाच दुसरा भाग कामाला येतो. पाव किलो कुंदा घेतला तर पाव किलो कुंदाच मिळायला हवा, खोक्याचं वजन त्यात धरायचं नसतं. रिकामं खोकं काट्यावर ठेवून आधी शून्य करायला सांगा. घरी येऊन २४६ भरलं म्हणून भांडायला जाण्याआधी दोन गोष्टी आठवा: दुकानातला काटा पाच ग्रॅमच्या टप्प्याचा आहे आणि तुमच्या काट्यावर शिक्का नाही. २१० भरलं तर मात्र जरूर जा, आणि त्यांच्याच काट्यावर खोकं आणि कुंदा वेगवेगळे ठेवायला लावा.

धंदा सुरू करणाऱ्या वहिनींनी काटा घेताना पाकीट केवढं करायचं हे आधी ठरवावं. १०० आणि २०० ग्रॅमची पाकिटं करायची असतील तर ३० किलोचा, पाच ग्रॅम टप्प्याचा काटा शिक्का असूनही कामाचा नाही, कारण १०० ग्रॅम ही त्याची अगदी खालची हद्द. एक किंवा दोन ग्रॅम टप्प्याचा, पाच ते दहा किलोचा शिक्क्याचा काटा मागावा. पाकिटावर मालाचं नाव, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, सगळ्या करांसह किंमत, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. खाद्यपदार्थांच्या नोंदणीचं काम वेगळं. इलेक्ट्रॉनिक काट्याचा शिक्का बारा महिन्यांचा असतो. दर वर्षी तो पुन्हा पडताळून घ्यायचा आणि मिळालेलं प्रमाणपत्र काटा असेल तिथेच, गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं.